त्रेचाळीस माणसांचा फोटो आणि छप्पन मेगापिक्सल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पेपरच्या पुरवणीत सणाच्या खरेदीवर पानभर मजकूर होता, फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन सगळं नीट समजावून सांगितलेलं, वाचून बरं वाटलं. पण शेवटी घरगुती कॅमेऱ्यावर चारच ओळी होत्या आणि त्यात असं छापलंय की कमी बजेटमध्ये जितके जास्त मेगापिक्सल मिळतील तितका फोटो चांगला. साहेब, ही ओळ चुकीची आहे, आणि मी हे पुस्तकातलं नाही सांगत, ह्याच समजुतीपायी आमच्या घरचे ५ हजार ४९९ रुपये गेले आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे एका वर्षीच्या कानबाईच्या सणाचे फोटो गेले जे आता कुठल्याच पैशाने परत येणार नाहीत. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, पण छापा ही विनंती.

आमच्या घरात फोटोचं इतकं का, ते आधी सांगते. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नदीला पूर आला तो आपण छापलाच होता. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा आम्ही धान्य उचललं, गादी उचलली, कागदपत्रांची पिशवी उचलली, आणि अल्बम राहिले खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर सहाच्या सहा अल्बम बाहेर काढले आणि गच्चीवर उन्हात ठेवले, आम्हाला काय माहीत, संध्याकाळपर्यंत सगळे फोटो एकमेकांना चिकटून वीट झाली नुसती, एक ओढला की त्याचा रंग दुसऱ्यावर. नंतर एका स्टुडिओवाल्या दादांनी सांगितलं की काकू, असे ओले फोटो कधी वाळू द्यायचे नसतात, स्वच्छ गार पाण्याच्या परातीत बुडवून ठेवायचे आणि पाण्यातच हळूहळू सुटे करायचे, मग एकेक वाळवायचा. हे आम्हाला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर माझ्या लग्नाचा अल्बम वाचला असता. पूर पुन्हाही येऊ शकतो म्हणून एवढं तरी लोकांनी वाचावं.

मग आम्ही नातेवाईकांकडून फोटो गोळा करायला लागलो. मोबाईलमधले पुष्कळ आले पण ते व्हॉट्सअॅपवर चार हात फिरून आलेले, मोठे केले की नुसते चौकोन दिसतात. आणि सुरतेच्या नणंदबाईंनी त्यांच्या देव्हाऱ्यामागून एक प्रिंट पाठवली, १९९४ च्या कानबाईची, दिरांच्या साध्या रोलच्या कॅमेऱ्यातली, ३६ फोटोंच्या रोलमधला एक. त्या पोस्टकार्डाएवढ्या फोटोत ताटातले नैवेद्याचे रोट मोजता येतात, सासूबाईंच्या नथीतला मोती दिसतो, मागे भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं. त्या रात्री आमचे हे म्हणाले की आता घरचा कॅमेरा घेऊच, मोबाईल बदलतो, हरवतो, फुटतो, कॅमेरा म्हणजे फक्त फोटोसाठीची वस्तू राहील, पोरं हाताळतील, सासूबाईंना पण बटण दाबता येईल.

इथवर विचार बरोबर होता. पुढे चुकलो. ऑनलाईन जाहिरात बघितली, ५६ मेगापिक्सल, फोर के व्हिडिओ, १६ पट झूम, सोबत मेमरी कार्ड आणि दोन बॅटऱ्या, सगळं साडेपाच हजारात. नाव कधी ऐकलेलं नाही. पण आमच्या ह्यांच्या मोबाईलवर ५० लिहिलंय तर हा ५६ म्हणजे जास्तच चांगला असणार असा हिशोब आम्ही केला, आणि मला वाटतं दहातली नऊ घरं हाच हिशोब करतात.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कानबाई ही आमची देवी, खान्देशात ह्या दिवशी भाऊबंदकीतलं जो कुठे असेल तो येतो, सुरत, नाशिक, पुणे, कल्याण, दिवाळीला न येणारा पण रोट खायला येतो. मागच्या वर्षी आम्ही त्रेचाळीस जण होतो. रात्री समयांच्या आणि एका ट्यूबच्या उजेडात मी सगळ्यांना देवीपुढे बसवून फोटो काढला, आजेसासूबाई आतून ओरडत होत्या "मना फोटू नको काढू वं माय, माले दात नहीत", तरी त्यांना धरून मधे बसवलं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो छान दिसला. सगळेच फोटो छोट्या स्क्रीनवर छान दिसतात.

दिवाळीआधी तो फोटो १२ बाय १८ चा करून फ्रेम करायला लॅबमध्ये गेले. तिथल्या मुलाने पेनड्राइव्ह लावला आणि आजेसासूबाईंचा चेहरा मॉनिटरवर मोठा केला. साहेब, चेहरा नव्हताच. दोन काळे ठिपके, एक फिकट पट्टा आणि सगळीकडे मेण वितळल्यासारखं. नथ म्हणजे एक पिवळा डाग. मागच्या रांगेतली पोरं तर कोण कुठलं तेही ओळखू येईना. मुलगा म्हणाला, काकू फाईल मोठी आहे पण ह्याच्यात काहीच नाहीये. हे वाक्य मी अजून विसरले नाही.

मग मी शोधायला लागले, त्या लॅबच्या मुलाला विचारलं, आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, दोनदा जळगावला गोलाणी मार्केटला जाऊन आले. जे समजलं ते असं.

मेगापिक्सल म्हणजे फोटोत किती ठिपके, बस. पोस्टकार्ड साईजच्या, म्हणजे ६ बाय ४ च्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तर १८०० गुणिले १२०० म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात, सव्वादोन मेगापिक्सल पण नाही. १२ बाय १८ ची फ्रेम इंचाला २०० ठिपक्यांनी सुद्धा चांगली येते, त्याला साधारण साडेआठ मेगापिक्सल लागतात. पण खरे साडेआठ. ह्या बिननावाच्या स्वस्त कॅमेऱ्यांत बरेचदा आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, बराच कमी ठिपक्यांचा असतो आणि मधले ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने बनवून भरतं, त्याला इंटरपोलेशन म्हणतात. ताकात पाणी घातलं की तांब्या भरतो, ताक वाढत नाही. माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात तो शब्द बारीक अक्षरात होता, मी वाचला नव्हता आणि वाचून समजलाही नसता. लेन्स पण जागेवर फिक्स, फोकस करणारी नाहीच, आणि १६ पट झूम म्हणजे डिजिटल झूम, म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणायचा. खऱ्या झूमला ऑप्टिकल झूम म्हणतात, त्यात बटण दाबलं की लेन्सच्या आतली भिंगं सरकताना दिसतात किंवा ऐकू तरी येतात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट सेन्सरचा आकार, जो कुठल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात नसतो. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत छताला उजेडासाठी हातभर झरोका असायचा, दुपारी त्यातून जेवढं ऊन येईल तेवढ्यातच दिसायचं, आणि ओसरीचं मोठं दार उघडलं की सगळं घर उजळायचं. सेन्सर तसाच. छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यात जो नेहमीचा सेन्सर असतो, ज्याला १/२.३ इंच म्हणतात, तो जेमतेम ६ मिमी बाय साडेचार मिमी, तुरीच्या दाण्याएवढा म्हणा. एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. आणि डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यात, जो एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो तो साधारण २३ बाय १५ मिमी, बारा पट. दुपारी अंगणात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्याचे फोटो काढायचे असतील तर तुरीचा दाणा पण चालतो कारण आपल्याकडे एप्रिल मेमध्ये उजेडाला तोटा नाही. पण आपली घरची बहुतेक कार्यं संध्याकाळी आणि रात्री घरात, हळद, जागरण, कानबाई, बारसं, तिथे झरोका आणि दार यातला फरक लगेच कळतो.

इथे मला खरं तेच लिहिलं पाहिजे, नाहीतर माझी पण जाहिरातच होईल. दहा ते पंधरा हजारातला नवीन छोटा कॅमेरा घरातल्या कमी उजेडात चांगल्या मोबाईलपुढे टिकत नाही. आजच्या बऱ्याच मोबाईलचा मुख्य सेन्सर त्या तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा असतो आणि मोबाईल एका बटणात पाच सात फोटो काढून त्यांचा एक करतो. मग छोटा कॅमेरा घ्यायचा कशाला? ऑप्टिकल झूमसाठी, स्टेजवर नातीचा डान्स चालू असेल आणि आपण मागच्या खुर्चीवर असू तेव्हा. खऱ्या फ्लॅशसाठी, मोबाईलचा तो टॉर्च असतो, कॅमेऱ्याचा फ्लॅश क्षणभरच पण जोरात पेटतो आणि हलणारं पोर जागेवर थांबल्यासारखं येतं, फक्त तीन चार मीटरच्या पुढे पोचेल ही आशा ठेवू नका. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी. नणंदबाईंनी सासऱ्यांसाठी १६ मेगापिक्सल, ४ पट ऑप्टिकल झूम, पेन्सिल सेलवर चालणारा घेतला. आजोबा ८१ वर्षांचे, त्यांना मोबाईलचं लॉक उघडत नाही पण ह्याचं बटण जमतं, सकाळी शेतावर जातात आणि बगळ्यांचे फोटो काढून आणतात. सेल मात्र साधे नका टाकू, दोन दिवसांत संपतात, चार्ज होणारे घ्या.

आम्ही स्वतः शेवटी सेकंडहँड डीएसएलआर घेतला आणि त्याबद्दलच जास्त लिहावंसं वाटतं, कारण १५-२० हजारात घरच्या फोटोंसाठी माझ्या मते ह्याच्याइतकं चांगलं काही नाही. मोठ्या कंपन्यांचा सगळा जोर आता आरसा नसलेल्या म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे, हौशी लोक जुने विकून तिकडे चाललेत, त्यामुळे जुने पडून आहेत. ते वाईट नाहीत, फक्त जुने आहेत. २४ मेगापिक्सलचा, सोबत १८-५५ ची लेन्स, चार्जर, बॅग, आम्हाला साडेसतरा हजाराला पडला, एका प्राध्यापकांकडून, त्यांनी पक्ष्यांचे फोटो काढायला घेतला होता आणि मग मोठा घेतला.

घेताना मी काय काय बघितलं ते सांगते. लग्नाच्या फोटोग्राफरकडचा शक्यतो नको, माणूस वाईट म्हणून नाही, त्याचं काम तसं आहे, एका सीझनमध्ये तो आपल्या दहा वर्षांचे फोटो काढतो. कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप होणारा पडदा, ही झिजणारी वस्तू आहे, घरगुती मॉडेलचं साधारण एक लाख क्लिकचं धरतात. निकॉनच्या फोटोफाईलमध्येच शटर किती वेळा पडलं तो आकडा लपलेला असतो, एक फोटो काढून कॉम्प्युटरवर बघता येतो, आमच्यावर ११ हजार काही होता. कॅननच्या बहुतेक फाईलमध्ये तो सहज सापडत नाही, तिथे कॅमेऱ्याची अवस्था आणि मालकाचा शब्द. लेन्स काढून मोबाईलचा टॉर्च मागून मारायचा आणि आत बघायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी, घेऊ नका, मुंबई कोकणातून आलेल्या लेन्सला जास्त असते. आपल्याकडे हवा कोरडी म्हणून बुरशी कमी पण धूळ फार, त्यासाठी एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून, पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते पण किमतीत कमी करून घ्या. एक अडचण माहीत नसली तर फसगत होते, निकॉनच्या स्वस्त मॉडेलमध्ये, म्हणजे तीन हजार आणि पाच हजार नंबरच्या मालिकांत, फोकसची मोटर कॅमेऱ्यात नसते, त्या मोटरवरच चालणारी जुनी एएफ-डी लेन्स स्वस्त मिळाली म्हणून लावली तर ऑटोफोकस होणारच नाही, हाताने फिरवत बसावं लागेल.

दुकानदार अजून एक लेन्स खपवतात, ५० मिमी एफ १.८. लेन्स उत्तम, अंधारात फार चांगली, पण एपीएस-सीवर ती ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे थोडाच भाग मोठा करून दाखवते, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ लावली तरी चार माणसांच्या वर मावत नाहीत. एकट्या बाळाच्या फोटोला घ्या, भाऊबंदकीच्या फोटोला सोबतची १८-५५ च बरी, १८ वर म्हणजे सगळ्यात रुंद ठेवून.

ज्यांना एवढे पण घालायचे नाहीत त्यांनी आधी घरातलं कपाट उघडावं. २००८ ते २०१२ च्या काळात पुष्कळ घरांत सोनी, कॅनन, निकॉनचे छोटे कॅमेरे आले होते, १० ते १४ मेगापिक्सलचे. भाचा म्हणतो आता कॉलेजची पोरं तेच शोधत फिरतात. त्यातले ठिपके खरे आहेत, लेन्स खरी आहे, झूम खरा आहे. बॅटरी नवीन मिळते. फक्त कार्ड बघून घ्या, काही जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागते आणि जुन्या ऑलिंपस, फुजीला एक्सडी कार्ड, ते आता सहज मिळत नाही, आणि फारच जुना असेल तर २ जीबीच्या वरचं एसडी कार्ड तो वाचत नाही.

आमच्या गावात स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय केलंय. १९१२ ते १९८९ असं त्यांचं आयुष्य, त्यातली जवळजवळ पन्नास वर्षं ते घराबाहेर जवळपास पडलेच नाहीत आणि टेबलावर छोटी दृश्यं मांडून असे फोटो काढले की मी शाळेची पोरं घेऊन गेले तर पोरं विचारतात मॅडम हे गाव कुठलं. मी स्वतः दोनदा मागे जाऊन एकाच फोटोपुढे उभी राहिले, उजेड कुठल्या बाजूने आलाय तेवढंच बघत. परत आल्यावर आमच्या हॉलमधली ट्यूब मी समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीवर लावून घेतली. चेहऱ्याला एक बाजू उजेड एक बाजू सावली आली, आणि हा खर्च दोनशे रुपयांचा.

ह्या वर्षीच्या कानबाईला कॅमेरा स्टुलावर ठेवला, फ्लॅश बंद, कारण फ्लॅश पडला की समयांचा सगळा उजेड मरतो आणि देवीचा मुखवटा पांढराफटक येतो. आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची सेटिंग, १६०० वर, दहा सेकंदाचा टायमर. सगळ्यांना म्हटलं श्वास धरा. ४१ जण होतो. त्यातला एक फोटो १२ बाय १८ चा करून आणला, त्याच लॅबमधून. त्या मुलाने पुन्हा आजेसासूबाईंचा चेहरा मोठा केला, आणि ह्यावेळी सुरकुत्या मोजता येत होत्या, हसताना मिटलेलं तोंड दिसत होतं, नथीतला मोती वेगळा दिसत होता. पाच प्रती काढल्या, सुरत, नाशिक, धुळे, पुण्याला एकेक आणि एक आमच्याकडे, वरच्या माळ्यावर. मूळ फाईल दोन हार्डडिस्कवर, एक नणंदबाईंकडे. कोणाला फोटो पाठवायचा तर आता डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे व्हॉट्सअॅप तो लहान करत नाही.

साडेपाच हजाराच्या कॅमेऱ्याचं काय झालं ते पण लिहिते. परत करायची मुदत ७ दिवसांची होती आणि आम्हाला फसल्याचं दोन महिन्यांनी कळलं. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवली आहे. बिल, खोकं, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा सगळ्यांनी, आम्ही जाहिरातीचा ठेवला नव्हता. गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखापर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

आपल्याकडे विनंती एवढीच की ती मेगापिक्सलची ओळ पुढच्या पुरवणीत दुरुस्त करून छापा. आणि यापुढे कॅमेऱ्यांची माहिती द्याल तेव्हा किमतीच्या शेजारी तीन गोष्टी छापा, सेन्सर किती मिलीमीटरचा, झूम ऑप्टिकल आहे का, आणि आयात करणारा किंवा सर्व्हिस देणारा कोण. दुकानदार बंधूंना पण सांगणं आहे की एक पीस डेमोला ठेवा, गिऱ्हाईकाला दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात फोटो काढू द्या आणि तो मोठ्या स्क्रीनवर दाखवा. गोलाणी मार्केटमध्ये एका दुकानदाराने मला तसं करू दिलं होतं, मी त्याच्याकडून काही घेतलं नाही तरी त्याने चहा पाजला, पण कार्ड आणि बॅटरी आम्ही आता त्याच्याकडूनच घेतो.

आपली नम्र,
एक वाचक भगिनी
चाळीसगाव, जि. जळगाव